सांधा

विमान मी पहिल्यांदा हात लावण्याइतक्या जवळून पाहिले, ते विमानतळावर नव्हे; उसाच्या फडाला लागून असलेल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये. कोल्हापूरपासून पंधरा-वीस किलोमीटर आत. शेडच्या एका अंगाला कडब्याची गंजी, दुसऱ्या अंगाला बंद पडलेला ट्रॅक्टर, आणि मधोमध ते उभे होते. पंख अजून लावलेले नव्हते. ते भिंतीशी गोधड्यांत गुंडाळून ठेवलेले. अंग सगळे ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे, त्यावर रिबिटांच्या ओळीच ओळी. आणि नाकाच्या जागी नुसते उघडे इंजिन. नळ्या, तारा, पाइप बाहेर लोंबत असलेले.

"पिसं उपटलेल्या कोंबडीगत दिसतंय की रं," आप्पा माझ्या कानाशी म्हणाले.

आप्पा म्हणजे माझे वडील. ते फायबरचे काम करतात. टेंपोच्या केबिनचे फुटलेले भाग, ट्रॅक्टरची बॉनेटे, रिक्षांचे दर्शनी भाग, गणपतीच्या दिवसांत मखरांचे खांब, असे जे येईल ते. शिक्षण चौथी. आई शाळेत गेलीच नाही. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि ही गोष्ट आई गल्लीत इतक्या वेळा सांगते, की मी दुसऱ्या रस्त्याने घरी येऊ लागलो आहे.

आता एक कबुली आधीच देऊन टाकतो, कारण पुढच्या सगळ्याशी तिचा संबंध आहे. प्रथम वर्षाच्या प्रवेश अर्जात 'पालकाचा व्यवसाय' असा एक रकाना होता. त्यात मी 'खाजगी नोकरी' असे लिहिले. खोटे तसे नव्हते, खरेही नव्हते. फायबरचे काम म्हणजे काचेच्या तंतूंचे काम. ते घासताना जी बारीक कूस उडते, ती अंगात शिरते आणि दोन-दोन दिवस खाज जात नाही. आई आप्पांचे कपडे वेगळे धुते. नाही तर घरातल्या सगळ्यांच्या कपड्यांना ती कूस लागते. सुट्टीच्या दिवशी आप्पांच्या हाताखाली काम केले, की सोमवारी वर्गात मी मनगट खाजवत बसायचो. बाकावरचा मित्र विचारायचा, "काय रे, ढेकूण झालेत का घरी?" मी हसून वेळ मारून नेत असे. 'खाजगी नोकरी' या दोन शब्दांना खाज सुटत नाही, एवढाच त्यांचा गुण.

गेल्या उन्हाळ्यात परीक्षा संपली आणि आप्पांना हे काम आले. विमान बांधणारे गृहस्थ एका साखर कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. त्यांना प्रसिद्धीची आवड नाही, म्हणून नाव देत नाही. आम्ही त्यांना साहेब म्हणतो. परदेशातून नकाशे मागवून नऊ वर्षे ते हे दोन आसनी विमान बांधत आहेत. गावातले लोक त्यांना वेडे समजतात, पण वाईट वेडे समजत नाहीत.

घरी विमान बांधणे हा प्रकार मला तोवर ऐकूनही माहीत नव्हता. मग वाचले. १९३० नंतरच्या त्या दशकात फ्रान्समध्ये आन्री मिन्ये नावाच्या माणसाने सामान्य माणसाला बांधता येईल असे छोटे विमान केले आणि ते कसे बांधावे याचे पुस्तकही लिहिले. त्यावरून शेकडो लोक कामाला लागले. अमेरिकेत अशा हौशी लोकांची संघटना १९५३ साली निघाली. आणि लांब कशाला, मुंबईत कांदिवलीला राहत्या इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी सहा आसनांचे विमान बांधले. २०१६ साली ते मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी पाहिले आणि २०१७ साली सरकार दरबारी त्याची नोंदणी झाली. गच्चीवर! म्हणजे साहेबांची शेड त्या मानाने प्रशस्तच म्हणायची.

साहेबांना हवे होते इंजिनावरचे आवरण. त्याला काउलिंग म्हणतात. आप्पा शेवटपर्यंत बॉनेटच म्हणत राहिले.

मला प्रथम वाटले, झाकण तर आहे! त्यात काय मोठेसे? पण कॉलेजच्या ग्रंथालयात विमानांवरचे एक जुने इंग्रजी पुस्तक सापडले आणि त्यात या झाकणाचा इतिहास निघाला. पूर्वी हवेने थंड होणारी इंजिने विमानाच्या नाकावर उघडीच असत. सिलिंडर चाकाच्या आऱ्यांसारखे भोवताली पसरलेले. ते झाकले तर इंजिन तापेल अशी भीती. १९२८ साली अमेरिकेत लँग्ली येथील प्रयोगशाळेत फ्रेड वाइक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाऱ्याच्या बोगद्यात पुन्हा पुन्हा प्रयोग करून असे आवरण तयार केले, की इंजिन झाकलेलेही राहील आणि थंडही राहील. ते कर्टिस हॉक नावाच्या विमानावर चढवले, तेव्हा त्याचा वेग ताशी ११८ मैलांवरून १३७ मैलांवर गेला. इंजिन तेच, ताकद तीच. या कामाबद्दल त्या संस्थेला १९२९ सालचे कॉलियर पारितोषिक मिळाले.

रात्री जेवताना मी हे आप्पांना सांगितले. ते घास हातात धरून ऐकत राहिले.

"म्हंजे उघड्या इंजिनाला वारा धरून ठेवतोय," ते म्हणाले.

"हो. आणि झाकणाच्या आत वारा पाहिजे तिथूनच जातो. फुकट जात नाही."

"चुलवाणागत," आप्पा म्हणाले. "गुऱ्हाळात जाळ किती बी घाल. वारं जायला वाट चुकली की काहील तापत न्हाई आणि धूर डोळ्यांत."

मी पुस्तकातली दोन पाने वाचून जे समजून घेतले होते, ते त्यांनी एका चुलवाणात बसवले. मला थोडा रागच आला.

साहेबांच्या विमानाचे इंजिन रोटॅक्स ९१२, शंभर अश्वशक्तीचे. चार सिलिंडर, दोन इकडे, दोन तिकडे, आडवे. सिलिंडर वाऱ्याने थंड होतात, त्यांची डोकी पाण्याने. त्यामुळे पुढून वारा आत घ्यायचा, तो सिलिंडरांवरून आणि रेडिएटरमधून न्यायचा आणि खालून मागे सोडायचा. तापलेली हवा फुगते, म्हणून बाहेर जायची वाट आत यायच्या वाटेपेक्षा मोठी ठेवावी लागते. साहेबांनी ही मापे काढून ठेवली होती. आप्पांचे काम आकार देण्याचे.

आप्पांनी इंजिनाभोवती थर्माकोलचे ठोकळे रचून आधी नाक घडवले. थर्माकोलवर रेझिन पडले की थर्माकोल विरघळून जाते, म्हणून त्यावर प्लास्टरचा थर आणि प्लास्टरवर मेण. मग फायबर. आठ दिवसांत वरचा आणि खालचा असे दोन भाग निघाले, कडांना चार-चार बोटे जादा ठेवून. "जादा ऱ्हाऊ दे," आप्पा म्हणाले, "कमी झालं की बोंब."

आणि मग बसवण्याचे काम सुरू झाले. आकार द्यायला आठ दिवस लागले. बसवायला तीन आठवडे. गंमत अशी, की हे आवरण कशावर तरी बसवायचे असते असे म्हणतात, पण ते इंजिनाला कुठेच लागता कामा नये. इंजिन रबरांवर टांगलेले. चालू करताना आणि विशेषतः बंद करताना ते आचके देते. त्याला आवरण लागले, तर घासून घासून भोक पडणार. आवरण धरायचे ते मागच्या पोलादी पत्र्याच्या कडेला. इंजिन आणि माणूस यांच्यामधली ती भिंत. पुढच्या टोकाला पंख्याच्या मुळाशी शंकूसारखी टोपी फिरणार. ती आणि आवरण यांत सगळीकडे सारखी, पाच मिलिमीटरची फट हवी. जास्त झाली तर ओंगळ दिसते, कमी झाली तर टोपी घासते.

पहिले चार दिवस आप्पांनी आवरणाला हातच लावला नाही. आधी विमान सरळ केले. साहेबांकडे सगळी आधुनिक उपकरणे होती, पण आप्पांनी गवंड्याची लेव्हल पाइप मागवली. पाणी भरलेली ती पारदर्शक नळी घेऊन मी एका टोकाला आणि ते दुसऱ्या टोकाला. मग ओळंबे सोडले, एक टोपीच्या मध्यातून, एक शेपटीतून. जमिनीवर खडूने रेघ मारली. पंख्याच्या जागी टोपीच्या मापाची प्लायवुडची चकती लावली आणि तिच्यामागे पाच मिलिमीटर जाडीची दुसरी. म्हणजे आवरण चकतीला टेकवले, की फट आपोआप बरोबर. एवढे करून ते साहेबांना म्हणाले, "इंजिन दोन-अडीच मिलिमीटर वर धरायचं काय? रबर बसतंय."

साहेब हसले. "हेच मी तुम्हांला सांगणार होतो. कुठे वाचलंत?"

"वाचतोय कुठला! टेंपोची रबरं बसल्याली बघितली हैत."

नंतर त्यांनी जे केले, ते मला तेव्हा अगदीच साधे वाटले. आवरण वर चढवले की विमानाच्या अंगाची कड त्याच्याखाली झाकली जाते, मग कापायचे कुठे हे कळत नाही. म्हणून आप्पांनी कड उघडी असतानाच तिच्यापासून बरोबर शंभर मिलिमीटर मागे, विमानाच्या अंगावर कागदी चिकटपट्टी लावून त्यावर पेन्सिलीने रेघ मारली. सबंध घेरात. आवरण चढवल्यावर त्या रेघेपासून शंभर पुढे मोजायचे, तिथे कड. "झाकायच्या आधी खूण करावी," ते म्हणाले. "झाकल्यावर आठवून उपेग न्हाई."

मग रोज एकच क्रम. आवरण चढवायचे, पट्ट्यांनी पुढे चकतीशी आवळून बांधायचे, रेघेपासून मोजायचे, खूण करायची, उतरवायचे. खुणेच्या तीन मिलिमीटर अलीकडेच कापायचे. पुन्हा चढवायचे, पुन्हा पुढे आवळायचे, पुन्हा मोजायचे. मग कानशीने घासत घासत खुणेपर्यंत यायचे. उजवी बाजू पुरी व्हायला चार दिवस लागले. शेडमध्ये पत्रा तापलेला, अंगभर कूस, तोंडावर मास्क. आप्पा मास्क लावत नसत. साहेबांनी सक्ती केली तेव्हा लावू लागले. दिवसातून पंधरा वेळा ते झाकण चढवायचे आणि उतरवायचे. माझ्या डोक्यात गणित सुरू झाले. माप जर बरोबर आहे, रेघ जर बरोबर आहे, तर तीन मिलिमीटर कशासाठी ठेवायचे? माप म्हणजे माप. आप्पांना मापावर विश्वास नाही, म्हणून ते चाचपडत जातात, असे मी मनाशी ठरवून टाकले. शिकलेल्या माणसाने चाचपडू नये!

डाव्या बाजूचा दिवस. आप्पा आणि साहेब चहाला बांधावर गेले होते. आवरण चढवलेले होते. मी रेघेपासून शंभर मोजले, दहा ठिकाणी खुणा केल्या, त्या जोडून सुरेख रेघ मारली. आवरण उतरवले आणि ग्राइंडरने सरळ त्या रेघेवर कापले. कापणे इतके स्वच्छ झाले, की मीच ते दोनदा न्याहाळले. आप्पा परत येताहेत हे पाहून मी घाईने आवरण चढवले.

आप्पांनी पट्ट्या आवळल्या. आवरण पुढे सरकले आणि चकतीला टेकले. मागे डाव्या बाजूला, वरच्या अंगाला, फट पडली. त्यातून आतली पोलादी भिंत दिसत होती.

आप्पांनी पट्टी लावून मोजले. सात मिलिमीटर.

"कापताना पुढं बघितलंस काय?"

"नाही."

"पट्टा ढिला झालता. बॉनेट मागं सरकलं हुतं." ते एवढेच म्हणाले. आवाज चढवला नाही. "मागचं मोजलंस, पुढचं बघितलं न्हाईस."

तीन मिलिमीटर कशासाठी ठेवायचे, ते मला तेव्हा कळले. ते मापावरच्या अविश्वासाचे नव्हते. माप घेताना वस्तू जागेवर होती की नव्हती, याच्या शंकेचे होते. पोटात गोळा आला. साहेब बाहेर कोणाशी तरी फोनवर बोलत होते. मी आप्पांच्या जवळ जाऊन हळूच म्हणालो, "आतून पट्टी मारू आणि वरून लांबी भरू. रंग मारला की कुणाला दिसणार नाही. साहेबांना कशाला सांगायचं?"

आप्पांनी माझ्याकडे पाहिले. लहानपणी मी दुकानातून उधारीवर गोळ्या आणल्या होत्या, तेव्हा असे पाहिले होते.

"ही काय रिक्षा हाय?" ते म्हणाले. आणि थोडे थांबून, "आणि रिक्षाला बी म्या असं केलं न्हाई कवा."

मग ते स्वतः बाहेर गेले. मी शेडच्या दारातून पाहत होतो. ते साहेबांपुढे उभे राहिले आणि म्हणाले, "सायेब, आमच्याकडनं चूक झाली. डावी बाजू सात मिलिमीटर जादा कापली गेली. सांधा मारून देतो. तीन दिस जातील. त्या तीन दिसांची मजुरी धरू नका."

'पोरानं' असे म्हणाले नाहीत. 'आमच्याकडनं' म्हणाले.

साहेबांनी येऊन पाहिले, बोट फिरवले आणि म्हणाले, "ठीक आहे." त्या तीन दिवसांची मजुरी त्यांनी खरेच दिली नाही. मला वाटले होते, मोठा माणूस आहे, 'असू द्या हो' म्हणेल. मला ते फार कठोर वाटले. पुढे केव्हा तरी लक्षात आले, की आप्पांनी दिलेला शब्द त्यांनी तंतोतंत घेतला होता. दया दाखवून त्यांनी तो हलका केला नव्हता.

सांधा मी मारला. आप्पा शेजारी बसून सांगत राहिले. कापलेली कड आतून-बाहेरून तिरकी घासत नेली, जवळजवळ तीन इंच मागेपर्यंत. वरवर लावलेला थर सोलून निघतो. लांबवर उतरत गेलेला थर धरून राहतो. विमानाच्या कडेवर चिकटपट्टी लावून तिला मेण फासले, म्हणजे फायबर तिला चिकटू नये. आवरण जागेवर बांधले. या वेळी पुढे तीनदा पाहिले. मग काचेच्या कापडाचे थर, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा थोडा रुंद, रेझिनमध्ये भिजवून, ब्रशने ठोकून हवेचे बुडबुडे काढत. एक बुडबुडा राहिला तर आप्पा नखाने दाखवायचे. वाळल्यावर पुन्हा खूण, पुन्हा तीन मिलिमीटर अलीकडे, पुन्हा कानस. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आप्पांनी फटीतून कार्डाच्या जाडीची पट्टी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढली. ती कुठेही अडली नाही, कुठेही सैल झाली नाही.

मला वाटले, संपले. पण साहेबांची एक नोंदवही होती. विमानाचा प्रत्येक भाग कधी केला, कोणी केला, कशाने केला, हे ते नऊ वर्षे तीत लिहीत आले होते. ती त्यांनी माझ्यापुढे ठेवली.

"तू लिही. मराठीत लिहिलंस तरी चालेल."

"चूकसुद्धा लिहायची?" मी विचारले.

"तीच तर लिहायची. वर रंग बसला की सांधा दिसणार नाही. दहा वर्षांनी कोणी तिथे भोक पाडायला गेला, तर त्याला कळायला नको, की इथे जोड आहे?"

मी लिहिले: 'डाव्या बाजूच्या वरच्या कडेला सुमारे ४०० मि.मी. लांबीत ७ मि.मी. जादा कापले गेले.'

साहेबांनी वाचले. "कापले गेले? कोणी कापले?"

मी गप्प.

"कारखान्यात तीस वर्षं हेच वाचलं. 'व्हॉल्व्ह उघडा राहिला.' 'बेअरिंग जळाले.' सगळं आपोआप होतं आणि माणूस कुठेच नसतो."

मी खोडले आणि लिहिले: 'पुढचा पट्टा सैल झाला आहे की नाही हे न पाहता मी खूण केली आणि ७ मि.मी. जादा कापले.' व्याकरणाच्या दृष्टीने यातही कर्तरी प्रयोग साधलेला नाही, हे आमचे सर सांगतीलच. पण वाक्यात कर्ता तरी आला! खाली सांधा कसा मारला, किती थर, कुठपर्यंत, हे सगळे लिहिले. सही केली. साहेबांनी वही आप्पांपुढे सरकवली. आप्पांनी पँटला हात पुसले. त्यांची सही चौथीतली आहे, एकेक अक्षर सुटे. तेवढा वेळ शेडमध्ये कोणी बोलले नाही.

जूनच्या सुरुवातीला, पाऊस पडायच्या आत, साहेबांनी इंजिन जमिनीवरच चालवून पाहिले. विमान मागून ट्रॅक्टरला साखळीने बांधलेले, चाकांना दगड. आवरणाच्या आतल्या बाजूला, धुराड्याच्या नळीसमोर, आप्पांनी उष्णता परतवणारा ॲल्युमिनियमचा कागद चिकटवला होता. पंख्याचा वारा असा सुटला, की कडब्याची गंजी हलू लागली. साहेब आत बसून तापमानाचा काटा पाहत होते. मी काटा पाहायला मान उंच करत होतो. आप्पा मात्र बाजूला, पंख्यापासून बऱ्याच अंतरावर, जमिनीवर उकिडवे बसून फक्त त्या पाच मिलिमीटरच्या फटीकडे पाहत होते. वीस मिनिटांनी साहेबांनी इंजिन बंद केले. बंद होताना त्याने दोन आचके दिले. आवरण आपल्या जागी स्तब्ध होते.

आप्पा उठले. गुडघे झटकले. "न्हाई लागलं," म्हणाले.

विमान अजून उडालेले नाही. पंख जोडायचे आहेत, तपासण्या व्हायच्या आहेत, सरकारी परवानगी यायची आहे. तोवर ते जमिनीवरच. शेडमध्ये उभे आहे, नाक पांढरे, चकचकीत. सांधा कुठे आहे, हे आता मलाही बोटाने सापडत नाही. वही उघडावी लागते.

त्यानंतर पंधरा दिवसांनी द्वितीय वर्षाचे प्रवेश सुरू झाले. अर्ज तोच, रकानाही तोच: 'पालकाचा व्यवसाय'. गेल्या वर्षीचे माझे उत्तर कार्यालयाच्या कुठल्या तरी फायलीत पडलेले असणार. ते आता मला खोडता येत नाही. या वर्षी मी 'फायबर कारागीर' असे लिहिले. खिडकीतल्या क्लार्कसाहेबांनी चष्मा वर केला आणि विचारले, "फायबर कारागीर म्हणजे नक्की काय करतात वडील?"

माझ्या मागे बरीच मोठी रांग होती. तरी मी सांगितले.

(द्वितीय वर्ष, कला)